अर्ध्या कपाचा पाहुणचार

आमच्या भागातून रशियाला कोणी गेलं तर ते डॉक्टर व्हायला जातं. इथल्या परीक्षेत मार्क कमी पडले, बापाजवळ थोडी शेती आणि थोडी हिंमत असली की पोरगा रशियात किंवा रशियाच्या आसपास कुठेतरी जातो आणि काही वर्षांनी गळ्यात स्टेथोस्कोप घालून परततो. त्यामुळे मी दिल्लीत 'रशिया आणि मध्य आशिया' या विषयात एम.ए. केलं आणि पुढे त्यातच पीएच.डी.ला लागले, तेव्हा गावाने त्याचा आपल्या सोयीचा अर्थ लावून टाकला. सुट्टीत घरी आले की शेजारच्या काकू लुगडं सावरत येत आणि गुडघा पुढे करत.

"काकू, मी त्यातली डॉक्टर नाही."

"मंग कायची?"

"रशियाची."

काकूंनी गुडघा झाकला आणि काळजीने विचारलं, "काहून, रशियाले काय झालं?"

खरं सांगायचं तर गेली काही वर्षं आमच्या विभागातले सगळे सेमिनार याच एका प्रश्नावर चालले आहेत आणि काकूंइतक्या थोडक्यात तो कोणी विचारलेला नाही. पण तेव्हा मी फक्त हसले आणि त्यांना अड्याळच्या दवाखान्याचा पत्ता दिला.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, अड्याळपासून जवळच, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, मधोमध. बाबा शेती करतात, घरचे तांदूळ विकतात आणि राजकारणावर बोलतात. आई बाकी सगळं करते. या घरातली पोरगी रशियन का शिकली, याला थोर असं काही कारण नाही. नागपूरला बी.ए. करताना दिल्लीच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म मैत्रिणीसोबत भरला, तिचं झालं नाही, माझं झालं. मग त्या भाषेत जीव अडकला. आमच्या वर्गात एक बिहारचा, दोघी केरळच्या, एक मणिपूरचा, आणि सगळ्यांच्या घरी हाच प्रश्न: हे शिकून करणार काय? आम्ही एकमेकांना उत्तरं उसनी द्यायचो. मणिपूरवाला घरी सांगायचा की तो राजदूत होणार आहे. मी सांगून पाहिलं, तर बाबांनी विचारलं, "भंडाऱ्यात पोस्टिंग भेटन का?"

मग युद्ध सुरू झालं आणि रशियात जाऊन अभ्यास करायचे बहुतेक बेत बारगळले. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, जरा बाजूला सरक, कझाकस्तानकडे बघ, रशियन तिथेही चालते. मी बघितलं आणि थक्क झाले. वाळवंटाच्या कडेला, सिर दर्या नदीच्या काठी, किझिलओर्दा नावाचा प्रांत आहे, आणि तिथे धान पिकतो. फोटोत बांध्या, बांध्यांत पाणी, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी बाई. डोक्याला रुमालाचं टोपरं बांधलं नसतं तर ती आमच्या गावची म्हणून खपली असती. जुनी सामूहिक शेती मोडल्यावर तिथे पाणी कोण सोडतं आणि कोणाच्या बांधीत आधी सोडतं, हा मी विषय घेतला. आमच्या गावात तलावाच्या पाण्यावरून दर पावसाळ्यात जी भांडणं होतात, ती ऐकतच मी मोठी झाले. दिल्लीतल्या बाईंना तो विषय फार मौलिक वाटला. मला तो घरचा वाटला.

विषय मंजूर झाला, तिकडच्या विद्यापीठाचं निमंत्रण आलं. एक वर्ष जायचं होतं. बाबा लगेच म्हणाले, "जाय. तिकडचा धान कसा पिकते पाहून ये." आई म्हणाली, "पाहू."

आमच्या घरात आईचं 'पाहू' हो नसतं आणि नाहीही नसतं. फ्रिज घ्यायचा विषय निघाला तेव्हा ती 'पाहू' म्हणाली होती आणि मी दहावी होईपर्यंत आम्ही माठातलं पाणी प्यायलो. आत्याच्या नात्यातलं स्थळ आलं तेव्हाही 'पाहू' म्हणाली होती, आणि त्या मुलाला आता दोन पोरं आहेत. म्हणजे तिचं 'पाहू' कधी माझ्या बाजूने जातं, कधी विरुद्ध, पण ते संपल्याशिवाय काही हलत नाही.

कोणी म्हणेल, एवढी मोठी मुलगी, पासपोर्ट स्वतःचा, शिष्यवृत्ती स्वतःची, आईच्या होकारासाठी कायले थांबायचं? कायद्याने तिची परवानगी लागत नव्हती. मला लागत होती. ती नाखूश असताना तिकडे गेले तर वर्षभर माझ्या घशाखाली घास उतरणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून तिचं मन वळवायचा मी एक बेत केला.

माझी एक मैत्रीण होती, खुद्द किझिलओर्द्याची. मी तिच्या देशाचा अभ्यास करते तसा ती माझ्या देशाचा करते. हिंदी शिकायला वर्षभरासाठी दिल्लीत आली होती आणि होस्टेलमध्ये माझ्या शेजारच्या खोलीत राहत होती. तिकडे गेल्यावर मी तिच्याच घरी राहणार होते. आईने एकदा हिला पाहिलं, दोन दिवस जेवू घातलं, की 'तिकडचे लोक' म्हणून जी धास्ती तिच्या मनात आहे ती जाईल, असा माझा हिशोब. दिवाळीनंतर गावाची मंडई असते. आमच्याकडे प्रत्येक गावाच्या मंडईचा दिवस ठरलेला, त्या दिवशी सगळ्या घरांतून पाहुणे येतात, बाजार भरतो, ढोलकीवर दंडारीचा नाच-खेळ होतो, नाटक होतं, आणि पाहुणा जेवल्याशिवाय कोणाच्या दारातून हलत नाही. यापेक्षा चांगला मुहूर्त नव्हता. मी मैत्रिणीला म्हटलं, चल.

आता इथे आमच्या शिक्षणाची एक खोड सांगायला हवी. आम्हा लोकांना माणूस भेटण्याआधी त्याचे रीतिरिवाज पाठ करायची सवय लागते. कुठे बूट काढायचे, कोणाशी कसा हात मिळवायचा, पाव उलटा ठेवला तर काय होतं, हे सगळं आम्ही आधी वाचून ठेवतो. तर मी फोनवरून आईला तयार केलं.

"त्यांच्याकडं मोठ्या पाहुण्याले दाराच्या समोर, सगळ्यात आतमध्ये बसवतेत."

"बरं."

"पोळी उलटी ठेवायची नाही ताटात."

"पोळीले उलटं-सुलटं असते का बाप्पा?"

"अन् सगळ्यात महत्त्वाचं, चहा कपभर द्यायचा नाही. अर्धा कप, थोडा थोडा, घडीघडी. कप पूर्ण भरला तर त्यांच्याकडं त्याचा अर्थ होते, हे प्या आणि निघा."

आई म्हणाली, "अर्धा कप? मंडईले?" पण मी एवढी शिकलेली, म्हणून तिने ऐकलं. तिथेच घात झाला.

कारण मैत्रिणीला मी दुसऱ्या बाजूने तयार केलं होतं. रेल्वेत मी तिचा आमच्या भागावर एक अख्खा तास घेतला. आमच्याकडे पाहुण्याने आपणहून चांगली जागा धरायची नाही, बायकांजवळ दाराशी बसायचं. ताटात काही टाकायचं नाही. मागून घ्यायचं नाही. आणि चहा? आमच्याकडे प्रेमाचा चहा म्हणजे कप काठोकाठ, बशीत सांडलेला. कोणी अर्धा कप हातात दिला तर समज, त्या घराला तू नकोशी आहेस. तिने हे सगळं मन लावून ऐकलं. ती माझ्यासारखीच अभ्यासू.

या दोघी एकमेकींची रीत पाळतील, हे माझ्या लक्षात का आलं नाही, हे आजही मला कळत नाही. दोन वेगवेगळ्या देशांचे दोन उत्तम निबंध मी लिहिले आणि दोन्ही एकाच खोलीत वाचायला दिले.

नागपूरहून भंडारा, भंडाऱ्याहून एसटीने अड्याळ, आणि पुढे बाबांच्या मोटारसायकलवर तिघं, अशा थाटात आम्ही पोचलो. आईने दाराच्या समोर, आतल्या भिंतीशी नवी गादी टाकून ठेवली होती. मैत्रीण आत आली, आईच्या पाया पडली, आणि शिकवल्याप्रमाणे दाराजवळ उंबऱ्यालगत जमिनीवर बसली.

"इकडं बस, पोरी," आई म्हणाली.

"नहीं माताजी, मैं यहीं उचित हूँ," मैत्रीण म्हणाली. तिचं हिंदी पुस्तकातून आलेलं होतं आणि पुस्तक जुनं असावं.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी खुणावलं, राहू दे. आई आत गेली आणि चहा घेऊन आली. लग्नात मिळालेले, फुलांचे, चांगले कप. आणि प्रत्येकात अर्धा, मोजून अर्धा चहा. मैत्रिणीने कप हातात घेतला, आत पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. मी नेमकी तेव्हा बाबांना किझिलओर्द्याचं हवामान समजावत होते. तिने तो चहा दोन घोटांत संपवला. आई किटली घेऊन पुढे झाली, तर तिने कपावर हात ठेवला, कारण मागून घ्यायचं नाही असं मी सांगितलं होतं. आईचाही चेहरा उतरला. तोही मी पाहिला नाही.

जेवणातही हेच चाललं. आई प्रत्येक पोळी हातात घेऊन उजेडात धरायची, कोणती बाजू वरची ते ठरवायची आणि मग वाढायची. यात एवढा वेळ जायचा की मैत्रिणीला वाटलं, बाई पोळी द्यायला कां कू करते आहे. तिने एकच खाल्ली, ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं आणि हात धुवायला उठली. एवढ्या रस्त्याने आलेली पोरगी एका पोळीवर उठली, हे आमच्या घरात आजवर झालं नव्हतं.

त्यात काकू. त्या पाहुणी पाहायला आल्या आणि त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. मागच्या अंगणात जाऊन त्यांनी आईला विचारलं, "काहून वहिनी, अर्धा कप देऊन राहिल्या पाहुण्याले? दूध कमी पडलं का? मले सांगतलं असतं, मी आणून देलं असतं." एवढं बोलून त्या घरी गेल्या. काकूंना कळलं म्हणजे संध्याकाळपर्यंत अड्याळच्या बसस्टँडवरही कळणार होतं. मंडईच्या तोंडावर आमच्या आईचा हात आखडला, अशी बातमी गावात फिरली.

संध्याकाळी मी मैत्रिणीसोबत तलावाच्या पाळीवर फिरायला गेले. पाण्यावर सिंगाड्याची वेल पसरली होती, पलीकडे कापणीचे भारे पडले होते. मला वाटलं ती म्हणेल, किती घरच्यासारखं आहे. ती रशियनमध्ये म्हणाली, "उद्या सकाळची बस किती वाजता असते?"

"का?"

"तुझ्या आईला मी नको आहे. त्यात त्यांची चूक नाही. पण मी राहणं बरं दिसत नाही."

 मी म्हटलं, असं काही नाही. ती म्हणाली, "तूच सांगितलं होतंस अर्ध्या कपाचं."  सगळं गणित एका क्षणात माझ्यासमोर आलं. मी तिला जसंतसं समजावलं, माझी चूक, माझी शिकवणी, आईने तुझ्या रीतीने केलं. तिने मान हलवली, पण माणसाचा चेहरा एकदा पडला की नुसत्या खुलाशाने तो वर येत नाही. घरी आल्यावर तिने बॅग भरून ठेवली.

मी आईकडे गेले तर ती चुलीपुढे पाठ करून बसली होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुह्या मैत्रिणीले माह्या हातचं गोड लागत नाही. चहा नाही घेतला, जेवली नाही, गादीवर बसली नाही. जी आपल्या घरी दोन घास खात नाही, तिच्या घरी तू वर्षभर कशी राहशीन?" मग जरा थांबून, "नोको जाऊ. माहं मन नाही घेत."

'पाहू' संपलं होतं. ते माझ्या विरुद्ध संपलं होतं. मला रडू आलं, आणि रडतच मी तिला सगळं सांगितलं: तिला काय शिकवलं, मैत्रिणीला काय शिकवलं. आई ऐकत गेली. तिचा चेहरा आधी गोंधळला, मग रागाने लाल झाला.

"म्हणजे तिले वाटलं मी तिले हाकलून राहिली?"

"हो."

"अन् गावाले वाटलं मी कंजूस?"

"हो."

"अन् हे सारं तू शिकली दिल्लीले जाऊन?"

 आई उठली, मला दंडाला धरून स्वयंपाकघराच्या बाहेर काढलं आणि म्हणाली, "आता तू बाहेर बस. मधात बोलू नोको. मले माह्या हिशोबानं करू दे."

मी अंगणात बाजेवर बसले. बाबा तिथेच होते. ते म्हणाले, "मलेही बाहेर काढलं होतं एकदा, तुह्या मामाच्या लग्नात." आम्ही दोघं कान देऊन ऐकत राहिलो. आईने मैत्रिणीला आत बोलावलं. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. मग आईचं हिंदी ऐकू आलं, आमच्याकडचं हिंदी, ज्याला व्याकरण सोडून सगळं आहे: "ये ले. पूरा ले. हमारे इधर ऐसाच देते. ये जो बाहर बैठी है ना, उसका कुछ सुनने का नहीं."

"जी, माताजी."

"और माताजी नहीं बोलने का. आई बोल."

मी दारातून डोकावलेच. कप काठोकाठ भरला होता, बशीत सांडला होता, आणि माझी मैत्रीण बशी दोन्ही हातांत धरून फुर्र करून चहा पीत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसतही होती. तिकडेही चहात दूध घालतात. हे मी आईला सांगायचं विसरले होते, बाकी सगळं सांगितलं होतं. त्या संध्याकाळी ती तीन वेळा भात जेवली आणि आईने पोळीची एकही बाजू तपासली नाही. बॅग जिथल्या तिथे राहिली.

दुसऱ्या दिवशी मंडई. सकाळपासून पाहुण्यांची रीघ, चौकात पाळणे, जिलेबी, बांगड्यांची दुकानं. मैत्रीण आईच्या मागे मागे वडे तळायला बसली. काकू आल्या आणि त्यांच्या हातात आईने मुद्दाम काठोकाठ भरलेला कप दिला, इतका की त्यांना जागचं हलता येईना. मग त्यांनी बसल्या बसल्या पाहुणीची चौकशी चालवली.

"तुमच्याकडं घोडे खातेत म्हणे?"

मी मध्ये पडणार होते, पण आईची आज्ञा आठवली. मैत्रीण सरळ म्हणाली, "जी. शीतकाल में."

काकूंनी विचार केला. "उन्हाळ्यात नाही ना? मंग ठीक हाये." आणि मग बाहेर जाऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं की पोरगी चांगली आहे, फक्त टीव्हीवरच्या देवासारखी बोलते.

दुपारी जेवणं आटोपली, बाबा पाहुण्यांना घेऊन दंडार पाहायला गेले, घरात आम्ही तिघीच राहिलो. मैत्रिणीचा फोन वाजला. तिच्या आईचा व्हिडिओ कॉल रोज येई आणि कालही ती तो घेऊन घरामागे, सांदवाडीत गेली होती. आईने ते पाहिलं होतं. आता तिने विचारलं, "कोण हाय?"

"माँ है."

"तर लपून काहून बोलते? इकडं आण."

मैत्रिणीने फोन भाताच्या डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर टोपरं बांधलेली एक बाई दिसली, मागे भिंतीवर गालिचा, पुढ्यात चहाची वाटी. आईने पदर डोक्यावर घेतला. ती बाईही जरा सावरून बसली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. तिला हिंदी येत नव्हतं, आईला आपली बोली आणि हिंदी सोडून दुसरं काही येत नव्हतं. मैत्रीण बोलायला पुढे झाली, तर आईने तिला थांबवलं आणि माझ्याकडे बोट केलं. "ही सांगन. इतकी वर्सं शिकून राहिली ना."

मी आईसमोर कधी रशियन बोलले नव्हते. गावातले लोक म्हणत, बोलून दाखव, आणि मी टाळायचे. तिने कधी म्हटलंच नाही. मला एकदम लाज वाटायला लागली, शाळेत मास्तरांनी उभं केल्यासारखी.

त्या बाईंनी रशियनमध्ये पहिलं विचारलं ते हे: "माझी मुलगी जेवते का? मला ती खरं सांगत नाही."

मी ते आईला सांगितलं. आईने खरं उत्तर दिलं. "काल दुपारी नाही जेवली नीट. चूक माह्या पोरीची होती. राती जेवली. आज वडे खाल्ले, भात खाल्ला, आता झोपन." मी सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. गाळायचा मोह झाला होता, पण मैत्रीण शेजारीच बसलेली होती आणि हिंदीच्या आधाराने तिला आमची बोलीही कळायला लागली होती.

बाई हसल्या. मग आईने विचारलं, "तिले विचार, तिनं कशी धाडली पोरगी एवढ्या दूर? जीव नाही तुटला?"

मी विचारलं. बाईंनी वाटी खाली ठेवली. त्या हळूहळू बोलल्या, मला समजावं म्हणून सोप्या शब्दांत. म्हणाल्या, मी धाडली नाही, ती निघाली. मी भांडले, महिनाभर बोलले नाही. विमानतळावरही रागावूनच गेले. मग घरी आले आणि तिच्या पलंगावर बसले. तेव्हा मनात आलं, तिकडेही कोणीतरी बाई असेल. मी तिला ओळखत नाही, ती मला ओळखत नाही. पण माझ्या मुलीला भूक लागलेली तिला दिसेल आणि ती तिला वाढेल. एवढ्या एका विचारावर मी झोपते.

मी हे आईला सांगितलं. सांगताना मध्ये दोनदा थांबले. आईने मला घाई केली नाही.  बाहेरून दंडारीच्या ढोलकीचा आवाज येत होता. मैत्रीण मान खाली घालून बसली होती. 

मग आईने पदराने हात पुसले. ती माझ्याशी बोलली नाही. सरळ त्या बाईंशी बोलली, जणू त्यांना आमची झाडीबोली येते.

"मी धाडीन माही पोरगी तुमच्याकडं. तिकडची बाई तुम्ही."

आणि मग माझ्याकडे वळून, "सांग तिले."

इतक्या वर्षांत मी रशियनमध्ये भाषणं केली, पेपर वाचले, वकिलातीत अधिकाऱ्यांशी वाद घातला. त्या एका वाक्याला तोंडातून बाहेर यायला जेवढा वेळ लागला तेवढा कशालाच लागला नव्हता. मी आईचा होकार माझ्याच तोंडाने दुसऱ्या बाईला दिला. तिने छातीवर हात ठेवला आणि मान लववली.

"सांगतलं का नीट?"

"सांगितलं."

"रडून राहिली तर नीट कसं सांगतलं असशीन? अन् हेही सांग. थंडीत ही कान झाकत नाही. लहानपणापासून सर्दीची हाये. सांगतलं तर ऐकत नाही. तुम्ही रागावजा."

मी नाक पुसलं आणि तेही सांगितलं. त्या बाईंनी पडद्यातून बोट उगारून मला दटावलं, आणि आई म्हणाली, "हाव, अस्संच."